फितीचं एक मत

एक्केचाळीस विरुद्ध चाळीस मतांनी ती बाई नवऱ्याकडे परत आली. ठराव वाचून दाखवला गेला, त्यावर सही झाली, सहीवर शिक्का बसला, आणि शिक्क्याची शाई वाळेपर्यंत सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही झालेलं नाही. बाई अजून कालव्याकाठी उभी आहे, मतांच्या चिठ्ठ्या अजून छापखान्यातून यायच्या आहेत, आणि चित्रसंग्रहाच्या तळमजल्यावर डिंकताई एका जुन्या चित्रपटाच्या फितीचा फाटका काठ भिंगाखाली धरून बसली आहे. काठ नखाएवढा आहे. जोरात श्वास सोडला तर उडून जाईल, म्हणून ती दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत फारसा श्वास घेत नाही.

तुटलेल्या फिती जोडायचं काम ती एकोणीस वर्षं करते आहे. जोडायच्या द्रावणाला पिकलेल्या केळ्यांसारखा वास येतो, तो तिच्या बोटांना कायमचा चिकटला आहे. लहान मुलं तिच्याशी हात मिळवतात आणि लगेच तिच्या पिशवीत डोकावून बघतात.

टेबलावरचा चित्रपट होता डबा नंबर सदतीस. त्याला नाव होतं, पण ते पहिल्या रिळाच्या सुरुवातीला होतं आणि ती सुरुवात उंदरांनी खाल्ली होती. नवीन नाव ठेवण्यासाठी एकदा सभा झाली. अकरा नावं आली, अकराही नावांना प्रत्येकी एक मत पडलं, कारण सभेला अकरा माणसं होती. तेव्हापासून तो सदतीसच.

युरोपातल्या कुठल्याशा थंड मुलखात, बोलपटांच्या आधी काढलेला. कालव्याची दारं उघडणारा-मिटणारा एक माणूस, त्याची बायको, आणि पाण्याची खोली मोजत हिंडणारा एक परका. नवरा वाईट नाही, हीच सगळी पंचाईत. मारत नाही, पीत नाही, दारात बूट पुसून घरात येतो. फक्त बायकोशी बोलायचं असलं की तो कालव्याकडे बघून बोलतो. परका मात्र पाण्याकडे बघायचा पगार घेतो आणि तिच्याकडे बघतो. चौथ्या रिळात ती काठावर बसून केस सोडते आणि तो तांब्याने तिच्या डोक्यावर पाणी ओततो. बस, एवढंच. पण हे एवढंच चार मिनिटं दहा सेकंद चालतं. ती डोळे मिटते. पाणी मानेवरून ओघळतं, पाठीच्या पहिल्या गुंडीपाशी थबकतं आणि मग विचार करून आत जातं.

त्या काळी पडद्यावर मुका घ्यायला हरकत नसे, फक्त पुढे त्यापायी कुणीतरी मरायला हवं अशी अट असायची. इथे कुणी मुका घेतला नाही आणि कुणी मेलंही नाही. त्यामुळे लोक जास्तच भडकले.

डिंकताईच्या आईने आणि बाबांनी हा चित्रपट पाहिला तेव्हा ते एकमेकांना ओळखत नव्हते. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. चित्रपट तेव्हाही म्हाताराच होता. गावातल्या मोठ्या थिएटरात एक आठवडा दुपारचे खेळ लागले होते. आई टेलिफोनच्या कचेरीत लोकांच्या तारा जोडून द्यायची. बाबा एका भिंगवाल्याकडे काचा घासायला शिकत होते. खेळ सुटल्यावर पायऱ्यांवर बाबा आपल्या मित्राला म्हणाले, "बरं झालं बाबा, परत आली बिचारी."

पुढच्या पायरीवरची अनोळखी मुलगी गर्रकन वळली. "कोण परत आली?"

"ती. शेवटी बोटीत बसते ती."

"डोळे उघडे ठेवून पाहिलंत का? ती गेली. कायमची गेली. चष्मा लावा."

"मी चष्मेच बनवतो," बाबा म्हणाले.

"मग तर कठीण आहे गिऱ्हाइकांचं."

हे भांडण त्या दिवशी पायऱ्यांवर मिटलं नाही म्हणून ते दुसऱ्या दिवशी बागेत न्यावं लागलं, तिथून नदीवर, आणि वर्षभरात दोन्हीकडच्या आईवडिलांपुढे. लग्न झालं, मुलगी झाली, बाबांचं स्वतःचं चष्म्याचं दुकान झालं. भांडण तसंच राहिलं. इतर घरांत घड्याळ असतं तसं यांच्या घरात ते होतं, अधूनमधून ठोके द्यायचं. भाजीत मीठ कमी पडलं की आई म्हणे, "ज्यांना बोट कुठल्या दिशेला गेली ते दिसत नाही, त्यांना चव काय कळणार!" आणि बाबा वर्तमानपत्रामागून म्हणत, "आली ती. मी बघितलं."

आणि आता आईचे डोळे जात होते.

जात होते ते मधून. कडेचं सगळं लख्ख, समोर पाहिलं की तिथे पुसलेल्या पाटीसारखा ढग. माणूस दारातून आत येताना दिसायचा आणि समोर येऊन उभा राहिला की नाहीसा व्हायचा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, तीन महिने, फार तर चार. मग समोरचं काही नाही. बाबांनी तिच्यासाठी नऊ चष्मे बनवले होते, एकाहून एक जाड. या दुखण्याला काच नसते हे शहरात सगळ्यात चांगलं त्यांनाच माहीत होतं, आणि तरी ते दहाव्याची काच घासत होते.

आईने फक्त एक गोष्ट मागितली. "सदतीसचा शेवट मला एकदा बघायचाय. मोठ्या पडद्यावर, पहिल्या रांगेत बसून. मग जा म्हणावं डोळ्यांना."

अडचण इतकीच होती की सदतीसला शेवट नव्हता. सहावं रीळ ज्या डब्यात असायचं, तो डबा रिकामा होता.

अशा वेळी काय करायचं ते चित्रसंग्रहाच्या नियम चौदामध्ये लिहिलेलं होतं. चित्रपटाचा भाग हरवला असल्यास, तो ज्यांनी पूर्वी पाहिला असेल अशा प्रेक्षकांना बोलावून उरलेला चित्रपट दाखवावा, त्यांच्याकडून शेवट लेखी मागवावा, बहुमताने जो शेवट ठरेल तो पडद्यावर दिसणाऱ्या पाटीवर लिहून चित्रपटाला जोडावा. समितीचे अध्यक्ष वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले होते. आयुष्यभर ते तराजूचा काटा मध्यावर येण्याची वाट बघत उभे राहिले होते, आणि कुठलीही गोष्ट मतांनी मोजता येते यावर त्यांची श्रद्धा होती. एकदा पाऊस पडतोय की नाही यावर त्यांनी मत घेतलं होतं. पाऊस हरला. अध्यक्ष छत्री न घेता घरी गेले.

जाहिरात दिली. आई-बाबा धरून ऐंशी माणसं आली. काठी टेकत, मुलाचा हात धरून, एक जण तर चुकून आलेला, पण त्यानेही चित्रपट पाहिलेला निघाला. शनिवारी दुपारी पाच रिळं दाखवली. काळोखात केस धुण्याचा प्रसंग आला तेव्हा सभागृहात ऐंशी म्हातारे लोक इतके गप्प झाले, की पडद्यावरचं पाणी ऐकू येतंय असं सगळ्यांनाच वाटलं. मूकपट होता तो. तरीही तिघांनी नंतर सांगितलं, पाणी कोमट होतं.

मग बाहेर चहा, आणि चहाबरोबर तोंडं सुटली.

"केस धुणं हा काय विषय झाला?" निवृत्त हेडमास्तर म्हणाले. "आमच्या घरी दर रविवारी होतं ते. कुणी चित्रपट काढला नाही."

"तुमच्या घरी पाणी कोण ओततं?" प्रसूतिगृहात चाळीस वर्षं काढलेल्या नर्सबाईंनी विचारलं.

"कोण ओतणार? तीच घेते."

"मग."

हेडमास्तरांनी कप खाली ठेवला.

"त्या मोजणीवाल्याच्या कोटाला तिसरं बटण नाही," म्हातारा शिंपी म्हणाला. "मी तेव्हाही पाहिलं होतं, आजही पाहिलं. अशा माणसाबरोबर कोण जाईल?"

"बटण लावून द्यायला जाईल की!"

"काही नाही, आली ती परत. संसार आहे, चेष्टा आहे का?"

"आली असती तर आपण इथे कशाला आलो असतो? परत आलेल्या बायकांचे चित्रपट लक्षात राहतात का कुणाच्या?"

"हळू बोल, आमची ही ऐकतेय."

दोन तट पडले. खोलीच्या एका अंगाला आलीवाले, दुसऱ्या अंगाला गेलीवाले, मध्ये बिस्किटांचं टेबल. दोन्ही तट बोटांवर माणसं मोजत होते आणि दोघांचीही मोजणी चाळिसाच्या आसपास येऊन अडखळत होती. चिठ्ठ्या पेटीत टाकायला आठवड्याची मुदत होती. चिठ्ठीवर सही बंधनकारक. गुप्त मतदान फक्त समितीला, कारण तिच्याकडेच गुप्त ठेवण्यासारखं काही असतं असं अध्यक्षांचं म्हणणं.

बुधवारी डिंकताई गोदामात डबे तपासत होती. "गुरांचे साथीचे रोग आणि उपाय, भाग सहा" असं लिहिलेला डबा तिच्या हाताला लागला. ती जागीच थांबली. गुरांच्या रोगांवरचा माहितीपट पाच भागांचाच होता. पाचव्या भागात सगळी गुरं बरी होतात, सहावा करायला काही उरतच नाही.

तिने झाकण उघडलं. उजेडापुढे फीत धरली. पाणी होतं. काठ होता. बोटीत पाय ठेवणारी बाई होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ऐंशी लोकांच्या आठवणी खरवडत बसले होते आणि फीत गाईंच्या मागे दडून बसली होती. फक्त फितीचे शेवटचे काही वेढे दमटपणाने एकमेकांना चिकटून वडीसारखे झाले होते. ते सोडवायला दोन-तीन दिवस तरी जाणार. बाकीचं तिने टेबलावर हळूहळू फिरवून पाहिलं आणि डबा छातीशी धरून जिना चढून गेली.

अध्यक्षांनी आधी डब्याचं वजन केलं. सवय.

"साहेब, हा शेवट आहे. खरा."

"छान झालं. पण प्रक्रिया सुरू झालीय, ताई."

"अहो, पण आता प्रक्रिया कशाला? शेवट सापडला!"

"हा एका फितीचा दावा झाला. ऐंशी माणसांचं काय?"

"त्यांची आठवण आहे. ही फीत आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. बाबांच्याच दुकानातला होता. "त्या दुपारी थिएटरात ही फीत हजर होती का?"

"होती म्हणजे काय! तीच तर चालली होती."

"मग झालं तर. इतर प्रेक्षकांसारखीच तीही एक. नियमाप्रमाणे तिला मताचा अधिकार पोचतो." त्यांनी कोरी चिठ्ठी पुढे ओढली. "एक मत. काय म्हणते ती?"

"ती जाते. बोट चौकटीबाहेर जाते, मग नुसतं पाणी राहतं. पुढचं थोडं चिकटलंय, पण तिथेही पाणीच दिसतंय."

"म्हणजे गेली." अध्यक्षांनी लिहिलं. सहीच्या जागी 'फीत' असं घातलं आणि चिठ्ठी पेटीत टाकली. "आता ठराव 'गेली' असा झाला, तर पुढच्या शनिवारी मोठ्या पडद्यावर सहाही रिळं दाखवू. 'आली' असा झाला, तर हे रीळ सीलबंद."

"का?"

"एका चित्रपटाचे दोन शेवट बाळगले तर लोक विचारतील, तुम्ही नक्की सांभाळता तरी काय? ठराव झाल्यावर वस्तुस्थितीने त्याला आडवं येऊ नये."

डिंकताईने डबा परत खाली नेऊन ठेवला.

ती तशीच बाबांच्या दुकानात गेली. बाबा चाकावर काच घासत होते. घासताना पाण्याची बारीक धार लागते, त्यामुळे दुकानात कायम कुणीतरी हळू आवाजात बोलत असल्यासारखं वाटे.

"बाबा, चिठ्ठी टाकलीत?"

"उद्या टाकणार."

"'गेली' लिहा."

चाक थांबलं. तिने सगळं सांगितलं. फीत, अध्यक्ष, एक मत, सील. आणि हेही, की आईला यातलं काही सांगू नका. फीत सापडलीय एवढंच तिला कळू दे. पडदा मिळेल की नाही याची टांगती तलवार तिच्या डोक्यावर नको.

"म्हणजे मी खोटं लिहू," बाबा म्हणाले.

"खोटं कुठे? फितीत गेलीच आहे ती."

"मी आलेली बघितली, पोरी. पन्नास वर्षं मी या एका गोष्टीवर खरं बोलतोय. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर इतकं सलग खरं मी बोललेलो नाही."

"आईचे डोळे, बाबा."

"डोळ्यांचं मला सांगू नकोस." त्यांनी काच उजेडाकडे धरली. तिच्यातून समोरची भिंत वाकडी दिसत होती. "घरी जा. मला काम आहे."

ती गेली. बाबा काच धरून तसेच बसले. दोन गिऱ्हाइकं येऊन, थोडा वेळ थांबून, आपली आपण परत गेली.

पेटी शनिवारी उघडली. मोजणीला अध्यक्षांनी खात्यातला जुना तराजू आणला होता, चिठ्ठ्या आधी तोलल्या आणि मग मोजल्या. तराजूचा काटा मध्यावर. मोजल्यावर मात्र आली एक्केचाळीस, गेली चाळीस. पुढचं तुम्हाला माहीत नाही. शिक्का वगैरे.

यादी फलकावर लागली. नावं नव्हेत, मतदारांचे धंदे आणि सह्या. डिंकताई बोट फिरवत खाली आली. गेली: नर्सबाई. गेली: फीत. गेली: हेडमास्तर, ज्यांनी म्हणे पेटीपाशी अर्धा तास उभं राहून चिठ्ठी बदलली होती. गेली: चष्मेवाले.

तिने परत वाचलं. चष्मेवाले. बाबांची सही, शेवटच्या अक्षराला ती नेहमीची शेपटी.

मग एवढं करून हरलो कसे? तिचं बोट दुसऱ्या स्तंभात सरकलं. आली: शिंपी. आली: टेलिफोन कचेरी (निवृत्त). सही तिरपी, ओळ सोडून वर चढलेली, न बघता केलेली.

आई.

घरी आई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. सोलायला समोर बघावं लागत नाही.

"आई, तू 'आली' लिहिलंस?"

"कोण म्हणतं?"

"फलकावर लागलंय."

आईने एक शेंग फोडली. "अगं, तू म्हणालीस फीत सापडली. मी म्हटलं, आता हा माणूस तोंडघशी पडणार. सगळ्या गावासमोर पडद्यावर दिसणार की ती गेली. पन्नास वर्षं धरून ठेवलेली एकच गोष्ट त्याची! म्हटलं, निदान एक मत तरी त्याच्या बाजूला घरातलं असावं. तर त्यात काय एवढं?"

"बाबांनी 'गेली' लिहिलं."

वाटाणे सोलणारे हात थांबले.

"तुला पडद्यावर बघता यावं म्हणून," डिंकताई म्हणाली आणि मग पडद्याचं आणि सीलचं सगळंच सांगून टाकलं.

आईने हातातली शेंग ताटात ठेवली. मग मान जरा तिरपी करून, जिकडून तिला अजून दिसायचं तिकडून, तिने दाराकडे पाहिलं. दारात बाबा बूट काढत होते.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही खोटारडे आहात."

"ऐकलं सगळं," बाबा म्हणाले. "तू तर माझ्याहून मोठी आहेस."

"आता?"

"आता काय, वाटाणे सोल."

पण सील सोमवारी लागणार होतं, आणि सीलच्या आधी नियम एकवीसप्रमाणे प्रत्येक फितीची तपासणी करावी लागते. तपासणी म्हणजे दाखवणं नव्हे, असं नियमातच स्पष्ट म्हटलेलं आहे. तपासणीला दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार कोण असावेत याबद्दल नियम मूग गिळून बसला आहे.

रविवारी दुपारी तिघं तळमजल्यावर गेली. टेबलावर दोन थाळ्या, मध्ये तळहाताएवढी दुधी काच, काचेखाली दिवा. हाताने दांडा फिरवायचा, मग एका थाळीतली फीत काचेवरून दुसरीकडे जाते. मोठा पडदा नाही, पहिली रांग नाही. आईला उंच स्टुलावर बसवलं. ती इतकी वाकली, की चित्र काचेवर पडायचं तेवढंच तिच्या गालावरही पडत होतं.

"मधलं मला दिसणार नाही," ती म्हणाली. "मधलं तुम्ही सांगा."

बाबा तिच्या बाजूला वाकले. डिंकताईने दांडा फिरवायला घेतला.

फितीतली बाई चालायची ती डिंकताईच्या मनगटाने. मनगट सावकाश झालं की बाईही सावकाश, जणू तिलाही घाई नको होती. खोलीत केळ्यांचा वास होता आणि काचेतून पाण्याचा राखाडी उजेड वर येत होता. तो छताला लागून हलायला लागला, मग भिंतींवर उतरला, डब्यांच्या रांगांवरून वाहायला लागला. गुरांचे साथीचे रोग पाण्याखाली गेले. तिघंही कालव्याच्या तळाशी बसून वर बघत असावेत, तसं काहीसं झालं.

"काय करतेय?"

"बोटीत बसली."

"तो आहे?"

"मोजणीवाला? नाही. एकटीच."

"आणि नवरा?"

"काठावर. कालव्याकडे बघतोय."

"बघू दे. ती कुठे बघतेय?"

बाबा आणखी वाकले. "समोर. आपल्याकडेच."

"रडतेय?"

"नाही." ते थोडे थांबले. "केस अजून ओले आहेत तिचे."

"हे मला आठवत नव्हतं," आई म्हणाली.

"मलाही नाही. मी तेव्हा बोटच बघत होतो."

बोट निघाली. काचेच्या मध्यातून, म्हणजे आईच्या ढगातून, ती डाव्या काठाकडे गेली. तिथे आईला ती दिसली, क्षणभर, लख्ख, आणि चौकटीबाहेर गेली. उरलं पाणी. कॅमेरावाला झोपला होता की प्रेमात होता कुणास ठाऊक, पण त्याने पाणीच चालू ठेवलं. एक मिनिट. दोन. दांडा फिरत होता. बाबांनी आईचा हात केव्हा धरला ते दोघांनाही कळलं नाही. डिंकताई आता काल रात्रभर पाण्याच्या वाफेवर ठेवून सोडवलेल्या भागापर्यंत आली होती, जो तिनेही अजून पाहिलेला नव्हता. पाणी, पाणी, पाणी.

"थांब!" आई ओरडली.

मनगट थांबलं.

"आली."

"काय आली?"

"ती बघ, डावीकडे. कडेला."

डिंकताईला काही दिसत नव्हतं. बाबांनी खिशातलं भिंग काढून काचेवर टेकवलं. चौकटीच्या अगदी डाव्या काठाला, भाताच्या शिताएवढं, काळं टोक.

"डाग असेल," बाबा म्हणाले.

"डाग पुढे सरकत नाहीत. फिरव गं."

फिरवलं. टोक सरकलं. बोटीचं नाक होतं ते, आत येत होतं. एकोणीस चौकटी. सेकंदभर जेमतेम. मग फीत संपली आणि काच नुसती पांढरी झाली.

त्यांनी ते मागे नेलं, पुढे आणलं. नाक आत आलं, बाहेर गेलं, आत आलं. थिएटरात पन्नास वर्षांपूर्वी कुणाचं लक्ष त्या काठाकडे होतं आणि कुणाचं मध्यावर, त्यावरून अर्धं गाव आलीवाले झालं होतं आणि अर्धं गेलीवाले.

"आली ती," आई म्हणाली. तिच्या गालावर पांढरा उजेड होता. "तुमचंच खरं हो."

बाबांनी भिंग खिशात ठेवलं, परत काढलं. "थांब, थांब. बोट आली. ती बोटीत आहे कशावरून? बोट रिकामी असेल. वाहत आली असेल."

"पन्नास वर्षं तुम्हीच म्हणत होतात ना?"

"म्हणत होतो. पण आता तू म्हणतेस म्हटल्यावर नीट विचार करायला हवा."

"नाक बघा ना कसं येतंय. वल्हवल्यासारखं येतंय."

"वाऱ्यानेही तसंच येतं."

"तुम्हाला काय कळतं वाऱ्यातलं? दुकानाची खिडकी उघडता का कधी?"

डिंकताईने तपासणीचं पत्रक पुढे ठेवलं. लांबी, फाटलेल्या जागा, सांधे, हे तिने भरलं. साक्षीदारांच्या शेऱ्याची जागा रिकामी होती. आईला ओळी दिसेनात, म्हणून तिने सांगितलं आणि बाबांनी लिहिलं. मध्ये दोनदा भांडण झालं, एकदा कंसावरून. शेवटची ओळ मात्र आईने सांगितली नाही. ती बाबांनी आपली आपण घातली आणि कुणी विचारायच्या आत घडी घालून दिली.

"शेरा: सदर फीत आम्ही समक्ष पाहिली. ती सुस्थितीत आहे. अखेरच्या एकोणीस चौकटींत डाव्या काठाने बोटीचे टोक आत आल्याचे आढळते. बोटीत कोण आहे याबाबत साक्षीदार क्रमांक एक व दोन यांच्यात तीव्र मतभेद आहेत (पूर्वीचेच, बाजू बदलून). पुढील चौकटी डब्यात उपलब्ध नाहीत. तरी माननीय समितीने संबंधित कालव्याच्या देखभाल कार्यालयाशी तातडीने पत्रव्यवहार करावा, बोट पूर्णपणे आत येऊन तिच्यातील व्यक्ती ओळखू येईपर्यंत चित्रीकरण पुढे चालू ठेवण्याचे आदेश काढावेत, आणि तोपर्यंत साक्षीदार क्रमांक एक यांची दृष्टी आज आहे त्या स्थितीत कायम ठेवण्यास मंजुरी द्यावी, ही विनंती."